कोंडावरली

“तुमच्या गावातील देवांची नावे मला सांगाल का?” त्या बाईंनी आबांना विचारलं.

आबा पडवीत सुंभ वळत बसले होते. त्यांचा हात थांबला. मे महिन्याची टळटळीत दुपार होती आणि खळ्यात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर गोल टोपी आणि पाठीला पिशवी. तरीवाल्याने त्यांना होडीतून खाडी पार करून आणलं होतं आणि आमच्या घराकडे बोट दाखवून तो परत गेला होता.

“कित्याक?” आबा म्हणाले.

बाईंना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“का, असं विचारतायत,” मी म्हटलं.

“मी माझे गाव शोधते आहे. गावाचे नाव मला ठाऊक नाही. देवांची नावे ठाऊक आहेत.”

ही एकोणीसशे चौऱ्याऐंशीची गोष्ट. साकवण्याच्या शाळेत मी तेव्हा इंग्रजी शिकवत होते. आमचं आडनाव घाडी. आमच्याकडे घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवाशी बोलणारा माणूस. पेरणी असो, जत्रा असो, कुणाचं जनावर हरवलेलं असो, घाडी उभा राहून देवाला गाऱ्हाणं घालतो, म्हणजे गावच्या सगळ्या देवांना नावानिशी हाक मारून म्हणणं मांडतो, आणि जमलेला गाव प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणतो. हे काम बापाकडून मुलाकडे जातं. आबांना मुलगा नव्हता, मी एकटीच होते. आई मी लहान असतानाच वारली होती. मला वाढवलं आबांच्या थोरल्या बहिणीने, सत्यभामाआतेने.

बाईंचं नाव प्रेमा देवकू. मॉरिशसहून आल्या होत्या. तिथे शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. त्यांचं मराठी थेट पुस्तकातलं होतं, कारण त्या ते पुस्तकातूनच शिकल्या होत्या. मॉरिशस म्हटल्यावर आते आतून म्हणाली, “मोरस. आदी साखर थंयसून येय.” बाई हसल्या. म्हणाल्या, हो, तीच साखर, आणि तो ऊस तोडायला त्यांची पणजी कोकणातल्या कुठल्यातरी गावाहून जहाजात बसून गेली होती. तिथल्या सरकारी नोंदीत गावाचं नाव इतकं मोडलेलं होतं की कुणालाच त्याचा उलगडा होईना. म्हणून त्या गावोगाव देवळांतून फिरत होत्या. त्यांच्या यादीतले रवळनाथ आणि सातेरी तर सगळीकडेच होते. पुढची नावं कुणी ओळखेना. शेवटी एका पुजाऱ्याने सांगितलं होतं की खाडीपलीकडे साकवण्याच्या घाड्याला विचारा, आसपासचे सगळे देव त्याच्या तोंडात आहेत.

आबांनी ती नावं सांगायला सांगितली. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, सुटी नावं नीट सांगता येत नाहीत, मधलीच एखादी निसटते. सुरुवातीपासून म्हणावं लागतं, आणि तेही देवापुढे उभं राहून. त्यांना तसंच शिकवलं होतं.

आबांना हे आवडलेलं दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावाची राखण होती. पावसाआधी गावच्या वेशीवर राखणदाराला नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात, ती. आबा म्हणाले, “फाल्यां येवा राखणेक. आज हयच रवा.”

ऊन उतरल्यावर मी बाईंना गाव दाखवायला नेलं. देऊळ पाहिलं, पोफळीची बाग पाहिली आणि नदीच्या अंगाने आम्ही कोंडापाशी आलो. नदी तिथे वळते आणि वळणावर खोल डोह आहे. त्याला आम्ही कोंड म्हणतो. काठावर एक मोठा सपाट खडक आणि खडकाच्या कपारीत हिरव्या चोळीचा खण नि एक नारळ ठेवलेला.

बाईंनी तो खण कुणासाठी ते विचारलं. मी सांगणार नव्हते. आमच्या घरात त्या गोष्टीबद्दल फारसं बोलत नसत. पण परक्या माणसाशी कधीकधी सोपं जातं.

मी सांगितलं की आमच्या घराण्यातली एक मुलगी फार वर्षांपूर्वी या कोंडात बुडाली. नवरा पटकीने गेला, सासरच्यांनी माहेरी आणून घातलं आणि माहेरी भावजयांच्या हाताखाली दिवस काढताना एक दिवस पाण्याला आली ती परत गेली नाही. प्रेत मिळालं नाही, क्रियाकर्म झालं नाही. ती अवगत झाली, म्हणजे तिला गती मिळाली नाही, असं मानतात. तिचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं आणि न घेता न घेता ते सगळे विसरले. आता तिला नुसतं ‘कोंडावरली’ म्हणतात. दर वर्षी राखणेच्या आदल्या दिवशी आबा तिला खणनारळ ठेवतात आणि लेकीबाळींच्या वाटेला जाऊ नको म्हणून विनवतात.

“लेकीबाळींच्या?”

घाड्यांच्या लेकीने पाण्यापलीकडे गेलेलं तिला खपत नाही, अशी समजूत होती. कधीतरी एकीला खाडीपलीकडे दिली होती, ती वर्षाच्या आत तापाने गेली. तेव्हापासून आमच्या घरातली मुलगी खाडी ओलांडत नसे. सत्यभामाआतेला पलीकडच्या गावातल्या एका मास्तरांचं स्थळ आलं होतं. ते मोडलं, तिला खाडीच्या अलीकडेच दिली आणि तीही लवकर विधवा होऊन परत आली. तालुक्याचं गाव आणि कॉलेज खाडीच्या अलीकडे, म्हणून माझं बी.ए. तरी झालं. आता बी.एड. केल्याशिवाय शाळेत कायम करणार नव्हते. कोल्हापूरला प्रवेश मिळाला होता आणि घाटाचा रस्ता खाडीच्या पलीकडून जात होता.

“वडील काय म्हणतात?”

“काही म्हणत नाहीत. मी विषय काढला की उठून जातात.”

आबा दुष्ट नव्हते. एकुलती लेक जाईल या भीतीने ते रात्ररात्र जागत, हे मला दिसत होतं, म्हणून मला धड भांडताही येत नव्हतं.

बाई खडकावर टेकल्या. मग आपल्या पणजीबद्दल सांगू लागल्या. ऊसमळ्यातला करार संपल्यावर बरेच मजूर तिथेच राहिले, पण चांगली जमीन सगळी मळेवाल्यांची. डोंगराच्या पायथ्याशी काळ्या दगडांचं एक रान होतं, कुणालाच नको असलेलं. पणजीने ते मागून घेतलं. दिवसा मळ्यात काम आणि उरल्या वेळात दगड उचलायचे. तिने आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याने रचलेल्या दगडांच्या राशी अजून तिथे आहेत, घराएवढ्या उंच. नवरा लवकर गेला. ती थांबली नाही. मोकळ्या केलेल्या जमिनीत तिने वांगी लावली, मिरच्या लावल्या, मग ऊस लावला. तिचं बघून आणखी माणसं आली आणि तिथे वस्ती झाली. त्या वस्तीला सगळे तिच्याच नावाने ओळखतात.

“म्हणजे देवकू हे…”

“तिचे नाव. आडनाव नव्हे. आमची लग्ने तिथले सरकार धरत नसे, म्हणून मुलांना आईचे नाव लागले. आमच्या घराण्यातले सगळे पुरुष एका बाईचे नाव लावतात.” हे सांगताना त्या ताठ झाल्या. “मी शाळेत मुलांना सांगत असे, या बेटावर पुष्कळांनी जमीन विकत घेतली. माझ्या पणजीने ती दगडाखालून बाहेर काढली.”

सकाळी वेशीवर गाव जमला. पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. बाई माझ्या शेजारी बूट काढून उभ्या होत्या. आबांनी नारळ हातात घेतला, डोळे मिटले आणि त्यांचा तो राखणेचा आवाज लागला.

“बा देवा म्हाराजा…”

“होय म्हाराजा.”

“आज जो काय गाव तुझ्या पायाकडे जमलो आसा…”

“होय म्हाराजा.”

बाईंनी माझा दंड घट्ट धरला. त्यांचे ओठ हलत होते. आबांनी रवळनाथाला हाक मारली, सातेरीला मारली आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, हलका पण स्पष्ट:

“उंडलीखालच्या ब्राह्मणा, साकवावरल्या राखणदारा, करवंदीतल्या जोगणी माये…”

बोलायला लागल्या की बाई पुस्तकासारखं बोलत. आता मात्र आमच्या वाडीतलीच एखादी म्हातारी बोलतेय असं वाटलं. तोच हेल, तीच ओढ. सगळे वळून बघायला लागले. गाऱ्हाण्यात बाईमाणसाने तोंड उघडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. शिवाय उंडलीचं ते झाड पडून कितीतरी काळ लोटला होता. ते नाव फक्त आबांच्या तोंडी उरलं होतं.

आबांनी डोळे उघडले नाहीत. मग त्यांनी तीच नावं त्याच क्रमाने घेतली आणि गाऱ्हाणं पुरं केलं. नारळ फोडला आणि बाईंना घरी चलायची खूण केली.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले, बाईंना देवघरापुढे पाट दिला आणि सगळं म्हणायला सांगितलं. बाई पाटावर बसल्या नाहीत, उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्यापासून म्हटलं. अर्ध्या शब्दांचे अर्थ त्यांना ठाऊक नव्हते, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पण एकही शब्द चुकला नाही. वेशीवर आबांनी जिथे गाऱ्हाणं संपवलं होतं तिथे त्या आल्या, आणि थांबल्या नाहीत. आवाज खाली आणून पुढे म्हणाल्या:

“चुकला माकला पदरात घे. वाट चुकलेल्याक वाट दाखव…”

आबा उठून उभे राहिले. ही ओळ गावात कधीच म्हणत नसत. घाडी राखणेहून घरी आला की देवघराचं दार लोटून एकटा ती म्हणे, आणि मरायच्या आधी मुलाला देई. मीसुद्धा ती त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

बाईंना हुंदका आला आणि शेवटचे शब्द अडले. ते शब्द चुलीकडून आले.

“…भायर गेलेल्याक घराक हाड.”

आते दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं.

“तुका ह्या कसा ठावक?” आबांनी तिला विचारलं.

“कुडाच्या मागसून आयकलंय. ल्हान असताना,” आते म्हणाली. “घाड्यांचे लेकी आयकतत. आमका कोण विचारणा नाय, म्हणान आमी सांगणव नाय.”

आबा बाईंकडे वळले. त्यांनी बाईंना विचारलं की हे त्यांना कुणी शिकवलं. बाई म्हणाल्या, त्यांच्या आत्याने, आणि आत्याला खुद्द पणजीने, देवकूने. वस्ती उभी राहिली तेव्हा तिथे घाडी नव्हता. पणजीने एक काळा दगड धुऊन उभा केला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. माणसं नव्या मुलखात इतकी घाबरलेली होती की बाई बोलते का पुरुष, हे कुणी पाहिलं नाही. आपल्या देवांची नावं ऐकू आली, तेवढ्याने ती रडली. तेव्हापासून त्या घरात गाऱ्हाणं बायकांकडेच राहिलं.

“पण आमच्या घरातलो कोण पुरुष परदेशी गेलो नाय,” आबा स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “गेली असात तर लेक. आणि लेक तर एकच…”

ते कोंडाच्या दिशेने बघत होते. मी ते बाईंना नीट मराठीत सांगितलं. बाई हळूच पाटावर बसल्या.

“तिला गाव विचारले की ती सांगत नसे,” त्या म्हणाल्या. “म्हणायची, तिथे मी मेले आहे. आम्हाला वाटे, रागाने म्हणते. आत्याला मात्र तिने एकदा सांगितले होते. ती पहाटे निघाली, तेव्हा कळशी नदीकाठी खडकावर ठेवून आली. लोकांनी पाण्यात शोधावे, रस्त्यावर शोधू नये म्हणून.”

आबा एकदम आतेकडे बघू लागले. आमच्या घरात सांगत आले होते की खडकावर कळशी सापडली होती. हे मी बाईंना सांगितलं नव्हतं.

“कळशी रिकामी की भरलेली?” आतेने विचारलं.

“भरलेली,” बाई म्हणाल्या. “आत्याने तिला विचारले होते, पळून जायचे तर कळशी भरलीस कशाला. ती म्हणाली, त्या दिवशी घरात पाणी तरी असावे.”

कळशी काठोकाठ भरलेली आणि नीट उभी सापडली होती. पिढ्यान्‌पिढ्या ही गोष्ट सांगितली गेली, आणि पाय घसरून बुडालेल्या मुलीची कळशी भरून खडकावर कशी राहिली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

आतेने पिठाचे हात तोंडावर धरले. आबा बाहेर गेले. मला वाटलं, नेहमीसारखे निघून गेले. पण ते विहिरीवर आंघोळ करत होते. ओल्या पंचाने परत आले आणि मला म्हणाले, “गावकारांका बोलाव. सगळ्यांका कोंडार येवक सांग.”

दुपारी कोंडावर अर्धा गाव आला. इतक्या बायका तिथे पहिल्यांदाच आल्या. आबांनी कपारीतला खण काढून आतेच्या हातात दिला. मग ते पाण्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा, इतकी वर्सां आमी जिका अवगत म्हटलां, ती अवगत न्हय.”

लोक एकमेकांकडे बघायला लागले. आबा थांबले नाहीत.

“ती ह्या घराची लेक देवकू. ती बुडूक नाय. ती गेली. परमुलखात जाऊन तिणा दगड उचलल्यान, जमीन केल्यान, गाव वसवल्यान. तुका थंय न्हेल्यान आणि जागतो ठेवल्यान. आजपासून तिचा नाव आमी वाडवडलांच्या नावांत घेतंव.”

“होय म्हाराजा,” पहिली आते म्हणाली. मग सगळा गाव म्हणाला.

आबा बाजूला झाले आणि बाईंना म्हणाले, “आता तुमी घाला.”

गावकारांपैकी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांपैकी, एक म्हातारे पुढे आले. बायलमाणसाने गावात गाऱ्हाणं घालायचं, हे रीतीला धरून नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. माणूस वाईट नव्हता, रीत सांभाळणं हे त्याचं काम होतं.

आबा म्हणाले, “थंय इतकी वर्सां बायलांच्या तोंडसून देव आयकत इलो. हय काय तो बहिरो झालो?”

म्हाताऱ्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या आणि हात जोडले.

बाईंनी गाऱ्हाणं घातलं. आवाज सुरुवातीला कापत होता, नंतर लागला. प्रत्येक वाक्याला समोरून ‘होय म्हाराजा’ येत होतं आणि प्रत्येक वेळी त्या किंचित थांबत होत्या, जणू कानांवर विश्वास बसत नव्हता. त्यांच्या वस्तीत आता मोजकी म्हातारी माणसं उरली होती, उत्तर द्यायला. इथे पुरुष, बायका, शाळेतली माझी मुलं, सगळी एका दमात उत्तर देत होती. आबा माझ्या शेजारी उभे होते. ते माझ्या कानाशी म्हणाले, “आयकलंस? एक अक्षर चुकला नाय. घाड्यांची लेक ती.” मी त्यांना असं ताठ मानेने उभं राहिलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

बाई आणखी आठवडाभर राहिल्या. आतेने त्यांना आंबोळ्या शिकवल्या. जाताना त्यांना कोंडातलं पाणी न्यायचं होतं, पण आते म्हणाली, पाणी कशाला, ती त्यात कधी पडलीच नव्हती. तेव्हा बाईंनी देवघरापुढची चिमूटभर माती घेतली.

कोल्हापूरबद्दल घरात काहीच बोलणं झालं नाही. एके दिवशी मी शाळेतून आले तर आबांनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढून, पुसून पडवीत ठेवली होती. एवढंच.

जूनमध्ये निघायच्या दिवशी ट्रंक आबांनी स्वतःच्या डोक्यावर घेतली. तरीवर आमच्या मागोमाग आतेही आली. मला वाटलं, निरोप द्यायला आली. तर ती साडीचा ओचा वर खोचून सरळ होडीत चढली आणि मधल्या फळीवर बसली. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग ट्रंक तिच्या पायाशी ठेवली.

होडीत बाजाराला निघालेली माणसं होती. आबा त्यांना, कुणी काही विचारलेलं नसताना, सांगत होते, “लेक माझी. कोल्हापुराक शिकाक जाता. घाटार.” तरीवाल्याला सांगितलं, पलीकडे चहावाल्याला सांगितलं, मग एस.टी.च्या कंडक्टरलाही सांगितलं.

मी गाडीच्या खिडकीशी बसले तेव्हा आते खाली उभी होती. चिखलाने भरलेले आपले पाय ती पाहत होती, मग रस्त्याकडे, मग दुकानांकडे. मग वळून तिने खाडीपलीकडे पाहिलं. आमचा माड, देवळाची कौलं, तरीचा धक्का, सगळं हाकेच्या अंतरावर दिसत होतं. ज्या मास्तरांचं स्थळ मोडलं होतं, त्यांचं गाव इथेच कुठेतरी होतं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आबांना विचारलं,

“एवढांच अंतर?”